सोयीची वेळ

मानवत
११ नोव्हेंबर २०२४

निकिता,

पोस्टानं पत्र आलं म्हणून घाबरू नको, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला एकच टिक येते, म्हणजे माझा नंबर तू ब्लॉक केलेला असणार. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावावा असं चार वेळा मनात आलं. पण माझा आवाज ओळखून तू फोन ठेवून दिला असतास, तर ते मला सोसलं नसतं. पत्र फाडलंस तरी मला दिसणार नाही.

तुझा आयडी बंद झाला त्याला आज अठरा दिवस झाले. टीममधल्या बाकीच्या दहाजणी विचारतात, निकिताचं काय झालं, एवढी चांगली पोरगी, तिनं केलं काय असं? मी सांगते, सिस्टिमनं केलं. आपल्या कंपनीत काहीही झालं तरी ते सिस्टिमनंच केलेलं असतं, हे तुलाही माहीत आहे. मी टीम लीडर नावाची. चोवीस तारखेला सकाळी उठून बघितलं तर यादीत तुझं नाव राखाडी झालेलं. मला त्याच्या आधी काही माहीत नव्हतं.

तुझ्या त्रेचाळीस दुकानदारांना कंपनीनं मेसेज पाठवला हे तर मला संध्याकाळी कळलं. "आपल्या भागातील प्रतिनिधी निकिता यांना गैरप्रकारामुळे कमी केले आहे. त्यांच्याशी कोणताही व्यवहार करू नये." गैरप्रकार हा शब्द मी तीनदा वाचला. ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि तेही गावातल्या गावात.

मला सारखी पहिली दोन वर्षं आठवतात. तू पेडगावात पहिला डबा कडूबाईच्या किराणा दुकानात बसवलास. गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे पाठवले की डबा मोठ्यानं बोलतो, हे तू तिला तीनदा समजावलंस. ती मान हलवत होती. आणि डबा "वीस रुपये मिळाले" म्हणाला तशी दचकून म्हणाली, "अगं माय, ह्यो आता गावभर सांगणार का माझं?" तू हसत हसत आवाज कमी करून दिलास. मग महिनाभर ती रोज सकाळी त्या डब्याला हळदकुंकू लावायची.

आणि परभणीचं ते पहिलं ट्रेनिंग. अर्पिता मॅडम पुण्याहून पडद्यावर बोलत होत्या, "या वर्षी आपल्याला सगळ्यांची एंगेजमेंट वाढवायची आहे." तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "ताई, माझी तर सात वर्षांमागं झाली, दोनशे माणूस जेवलं." मला हसू आवरेना. मॅडमनी विचारलं, महेश्वरीताई, काही शंका आहे का? मी तोंडाला पदर लावून बसले.

तुझ्या सासऱ्यांची पाठ कशी आहे? मामांची ती झोपून झोपून झालेली जखम भरली का? पावडर लावत जा, ओलं राहू देऊ नको. घरीच आहेस तर निदान त्यांच्याकडे बघायला सवड मिळत असेल.

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं. पण खोडलेलं बरं दिसत नाही.

तुझी ताई,
महेश्वरी


मानवत
२४ नोव्हेंबर २०२४

निकिता,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मीच राहू दिली.

तुझा पिन माझ्याकडे होता, हे आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. नवरा असून शिवकुमारलाही मी सांगितलेलं नाही. रोज दुपारी जेवून ते आडतीवर परत गेले की मी दुसरा फोन काढायचे आणि तुझ्या नावानं ॲपमध्ये जायचे.

कसं सुरू झालं ते तू विसरली नसशील, तरी मला लिहू दे. आपण या कामाला आलो ते त्या एका ओळीसाठी. वेळ तुमची, सोय तुमची. दिवसात कुठलेही सहा तास निवडा, आणि रात्री आठला त्या दिवसाचा पगार फोनवर. तू सकाळचे तीन घेतलेस आणि चारनंतरचे तीन. मधली दुपार मामांची. त्यांना लकवा झाल्यापासून दुपारी भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, हे सगळं तूच करायचीस. सासूच्या, नर्मदाकाकूंच्या, मनगटात जोर नाही आणि नवरा, गोपाळ, चाकणला कामाला. तुझ्यासारखं काम करणारी माझ्या टीममध्ये दुसरी नव्हती, आणि त्याचं कारण तुझी ती दुपार होती. जिवावरचं ओझं उतरवून यायचीस आणि मग हसत दुकानं फिरायचीस.

सप्टेंबरात नियम आला. सोयीचे तास राहतील, पण त्यातले तीन सलग, आणि दुपारी बारा ते तीन त्यात हवेतच, कारण दुकानदार तेव्हा मोकळा असतो. आणि त्या तीन तासांत ॲप दर तासाला विचारणार, कामात मन लागतंय का? रडका, उदास, मधला, हसरा, लय हसरा. पाचांतला एक चेहरा दहा मिनिटांच्या आत दाबायचा. नाही दाबला तर तो तास लाल.

पहिल्या आठवड्यात तुझे पंधरा तास लाल झाले. तू मला फोन केलास. मागं मामा कण्हत होते. म्हणालीस, "ताई, एका हातानं त्यायला धरलेलं असतंय, दुसऱ्या हातात पातेलं. चेहरा कुठून दाबू?" मी वर कळवलं. वरून उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा आहे.

मग तू पिन दिलास, आणि मी तुझे चेहरे दाबायला लागले. तुझ्यासाठीच केलं मी ते. तुझी दुपार वाचावी म्हणून. हसरा दाबायचे. कधी कधी लय हसरा.

याच्यात वाईट काय होतं, ते मला अजून समजत नाही. एवढं तरी तू मान्य करशील.

महेश्वरी


मानवत
१५ डिसेंबर २०२४

निकिता,

तू उत्तर दिलं नाहीस, आणि बरंच केलंस. मागचं पत्र टाकून घरी आले तेव्हापासून त्यातलं एक वाक्य मला टोचतंय. "मग तू पिन दिलास." तू दिला नाहीस. मी मागितला.

आपण पेडगावच्या बसथांब्यावर उभ्या होतो. तू म्हणालीस, "ताई, असं चालतं का पण?" मी म्हणाले, "मी हाय ना." तू पदर सारखा करत राहिलीस. मग मी म्हणाले, "तुझ्या लाल तासांनी सगळ्या टीमची सरासरी खाली यायलीय, बाकीच्या पोरींनी काय केलंय?" तेव्हा तू चार आकडे सांगितलेस. तेही माझ्याकडे न बघता.

बाकीच्या पोरींचं नाव मी पुढं केलं. सरासरी खाली आली तर टीम लीडर बदलतात. सेलूच्या लीडरला सप्टेंबरातच असं काढलं होतं. मला भीती माझ्या जागेची होती. तुझी दुपार वाचली ते खरं, पण मी निघाले होते माझी जागा वाचवायला.

आता दुसरं. हे लिहायला तीन आठवडे लागले.

मला आधी काही माहीत नव्हतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. माहीत होतं. तेवीस तारखेला दुपारी अर्पिता मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या सासूबाई नागुबाई समोर बसून ज्वारी निवडत होत्या. मॅडम म्हणाल्या, "महेश्वरीताई, एक छोटीशी शंका होती. निकिताचा आयडी एकवीस तारखेला दोन वाजून दहा मिनिटांनी पेडगावात चालू होता आणि त्याच मिनिटाला मानवतमध्येही. मानवतमध्ये कोण असेल, काही कल्पना?"

एकवीस तारीख मला लगेच आठवली. मी याच घरात पलंगावर बसून तुझा दोनचा चेहरा दाबला होता. आणि पेडगावात तू का आत गेलीस, तेही तूच मला त्या संध्याकाळी सांगितलं होतंस. सिद्धोधनच्या पंक्चरच्या दुकानातला डबा मुका झाला होता. तो स्वतः तुझ्या दारात आला. तू मामांना भरवत होतीस. घास तसाच ठेवून उठलीस, जाऊन डबा चालू करून दिलास आणि परत येऊन भरवलंस. काम केलंस म्हणून सापडलीस, निकिता. घरी बसली असतीस तर काही झालं नसतं.

मी मॅडमना म्हणाले, "नाही, कल्पना नाही."

त्या म्हणाल्या, "तिनं पिन कुणाला दिला असेल का?"

सासूबाईंचं सूप थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं काय समजलं असेल देव जाणे, पण बघत होत्या. माझ्या गळ्यात इष्टलिंग होतं. लहानपणी आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, ते गळ्यात बांधताना एकच सांगितलं होतं, हे अंगावर असताना खोटं बोलायचं नाही. आणि ते तर कधीच काढायचं नसतं.

मी म्हणाले, "दिला असेल."

एवढंच बोलले. मॅडम म्हणाल्या, थँक्यू ताई. कॉल संपला. मी तुला फोन करू शकले असते. संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी भाकरी केल्या.

आता तुला सगळं माहीत आहे. आता ब्लॉक काढला नाहीस तरी चालेल.

महेश्वरी


मानवत
८ जानेवारी २०२५

निकिता,

मी कंपनीला खरं सांगितलं. तुला ते कळायला हवं म्हणून लिहितेय, त्यानं काही झालं म्हणून नाही.

आधी ॲपमध्ये तक्रारीच्या जागी लिहिलं. पिन मी मागितला होता, चेहरे मी दाबत होते, निकिताचा दोष नाही. दोन मिनिटांत उत्तर आलं, "तुमच्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद. तुम्ही या उत्तरावर समाधानी आहात का?" मी 'नाही' दाबलं. परत तेच आलं. चार वेळा केलं. पाचव्यांदा त्यानं मला आयडी उघडायचा पासवर्ड कसा बदलावा ते शिकवलं.

मग ईमेल केला. शिवकुमारकडून लिहून घेतला. त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "लिहितो. पण तुझं काम गेलं तर मार्चनंतर काय करायचं, ते पण एकदा बोलून घे माझ्याशी." आडतीचा हंगाम मार्चपर्यंतच असतो, त्यांना पगार तोवरच. तरी त्यांनी लिहिलं. ईमेललाही मशीनचंच उत्तर आलं, त्यात एक नंबर होता आणि बहात्तर तासांत संपर्क करू असं होतं. तीन आठवडे झाले.

शेवटी मी मॅडमनाच फोन लावला. त्या कुठं तरी गाडीत होत्या. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, ते मला मान्य करावं लागेल. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा प्रामाणिकपणा खरंच कौतुकाचा आहे. पण केस बंद झाली आहे. फ्रॉडची यादी आमच्याकडे नसते, ती दुसरीच एक एजन्सी ठेवते. एकदा नाव गेलं की आम्हालाही काढता येत नाही."

मी म्हणाले, "मॅडम, पण तिनं काही केलेलंच नाही."

"हो, समजतंय मला."

"मग?"

गाडीची काच वर केल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "तुम्ही लेखी दिलंत तर मला तुमचाही आयडी बंद करावा लागेल. तिचा तरीही उघडणार नाही. मी तुमचा ईमेल पुढं पाठवलेला नाही. ठरवा तुम्ही." मग आवाज बदलून म्हणाल्या, "आणि मन खचू देऊ नका. तुमच्या टीमची एंगेजमेंट विभागात दुसरी आली आहे."

त्यांचा राग यावा असं मला वाटत होतं. पण त्यांचा आवाज थकलेला होता. सव्वीस-सत्तावीसची पोर असेल. त्यांच्यावरही कुणी तरी असणार, तासातासाला विचारणारं.

तुला परभणीच्या पार्सलच्या ऑफिसात घेतलं नाही, हे मला टीममधल्या एकीकडून कळलं. यादीत नाव आलं म्हणे. मी ते ऐकलं तेव्हा जेवत होते. नंतर आठवडाभर मी रोज सगळ्या तासांना रडका चेहरा दाबला. दुसरं काय करता येतं तेच समजेना. आठव्या दिवशी ॲपनं मला श्वास कसा घ्यावा याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. तो पूर्ण बघितल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी पूर्ण बघितला.

मी येतेय पेडगावला. तू नको म्हटलं असतंस तर थांबले असते, पण तू काहीच म्हणत नाहीस.

महेश्वरी


मानवत
३ फेब्रुवारी २०२५

निकिता,

काल घरी पोचले. बसमध्ये जागा मिळाली.

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी मी ते लिहून काढतेय. मला जे दिसलं ते तुला वेगळं दिसलं असेल.

मी आले तेव्हा तू घरी नव्हतीस. नर्मदाकाकूंनी पाणी दिलं. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही हे त्यांच्या बोलण्यावरून लगेच कळलं. म्हणाल्या, "बस माय. तू तिची मोठी मॅडम ना? पोरीला लय बोल लागला बघ. कुणी दारात उभं करंना. कंपनीनं उगीच काढंल का, म्हणत्यात लोक." मग आवाज बारीक करून त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, तिनं केलंय का काही?"

सासू विचारत होती. तुझ्याच घरातली. मी म्हणाले, "नाही काकू, तिनं काही केलेलं नाही." त्यांनी मान हलवली. पण ती मान मला नीट वाटली नाही.

साडेबाराला तू आलीस. हळद काढायला जातेस हे मला माहीत नव्हतं. कोपरापर्यंत माती आणि बोटं पिवळी. मला बघितलंस. हात धुतलेस आणि सरळ मामांजवळ गेलीस. तिथून म्हणालीस, "धरा." मी खांदा धरला, तू कंबर धरलीस. वळवलं. जखम पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. तू पुसलंस, पावडर लावलीस, भरवलंस. अर्धा तास आपले हात बरोबर चालत होते.

मग ओट्यावर मी विचारलं, "पत्रं मिळाली?"

"मिळाली."

"वाचलीस?"

"वाचली. सासूला न्हाई दाखवली."

"मी कंपनीला सगळं खरं सांगितलंय, निकिता."

तू पदरानं हात पुसत होतीस. म्हणालीस, "कंपनी कुठं राहती, ताई? माझ्या दारावरनं रोज जाती का? मला ज्यायच्या समोरून जावं लागतंय, त्यायला सांगा."

आणि तू उठलीस. मी तुझ्या मागं.

आधी घरात, काकूंसमोर. मी सांगितलं. पिन मी मागितला, खोटं मी बोलले. काकूंना पिन म्हणजे काय ते समजलं नाही. त्यांना खोटं समजलं. त्यांनी माझ्या पुढचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

मग कडूबाईचं दुकान. तू रस्त्यावर थांबलीस, आत आली नाहीस. कडूबाई माझं सगळं ऐकत गिऱ्हाईक करत होती. शेवटी म्हणाली, "झालं असंल माय. मला त्यातलं काय कळतंय? आमाला मेसेज आला, आमी वाचला." मी म्हणाले, "तो मेसेज खोटा होता." ती म्हणाली, "मग दुसरा मेसेज येऊ द्या की, खरा." आणि साखर तोलायला लागली.

मेडिकलवाला म्हणाला, बरं. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, बरं. सगळे बरं म्हणत होते आणि माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघत होते.

शेवटी सिद्धोधन. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी सांगितलं की एकवीस तारखेला तुमच्या डब्यासाठी निकिता आली, त्याच मिनिटामुळं ती सापडली. त्यानं ट्यूब खाली ठेवली. म्हणाला, "मीच गेलतो बोलवायला. म्हाताऱ्याला भरवायल्या होत्या. मी म्हणलं, नंतर या. त्या म्हणल्या, तुमचं गिऱ्हाईक जाईल." मग त्यानं तुझ्याकडे बघितलं. माझ्याकडे वळला आणि अगदी साधं विचारलं, रागानं नाही, "पण ताई, सगळं तुमीच केलं म्हणता. मग तुमाला कसं काढलं न्हाई?"

मी खाली ठेवलेली ट्यूब उचलून त्याच्या हातात दिली. तू तेवढ्यात वळून चालायला लागली होतीस.

बसथांब्यावर तू आलीस ते मला सोडायला नाही, शेताची वाट तिकडूनच होती, हे मला समजतं. पण थांबलीस. म्हणालीस, "राग न्हाई असं म्हणून तुमाला घरी पाठवलं असतं. पण राग हाय. तुमी लबाड असता तर बरं झालं असतं, मला नीट भांडता आलं असतं." मग म्हणालीस, "जावा आता, मला उशीर व्हायलाय."

उरलेली एकोणचाळीस दुकानं मी करीन. तू बरोबर नसलीस तरी.

महेश्वरी


मानवत
१२ मार्च २०२५

निकिता,

मी राजीनामा दिलेला नाही. आधी ते सांगते, कारण सिद्धोधनचा प्रश्न तिथंच आहे आणि मी तिथंच. लिहून ठेवला होता. फोनवर बोट ठेवून बसले होते. शिवकुमारचं काम या महिनाअखेर थांबतंय. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. ही कारणं खरी आहेत आणि तुझ्याकडेही अशीच होती, ते मला माहीत आहे.

तुझी दुकानं कंपनीनं मलाच दिली. नवी मुलगी मिळेपर्यंत, मॅडम म्हणाल्या. आता दर मंगळवारी मी पेडगावात असते. डबे बघते, आणि प्रत्येक दुकानात तुझं सांगते. सगळी सांगून झाली. एक-दोघांनी मनावर घेतलं. गिरणीवाला म्हणाला, आता किती वेळा सांगता, ताई. तुला कुणी पुन्हा दारात घेतलं का, हे मात्र मी कुणाला विचारलेलं नाही.

अठरा फेब्रुवारीला मी तुमच्या दारावरून जात होते. बारा वाजून गेले होते. आतून काकूंचा आवाज आला, त्या मामांना एकट्या वळवायला बघत होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. मी दारात उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. त्या दिवशी तांब्या आत नेला होता, तसंच तोंड केलं. मग म्हणाल्या, "निकिता लांबच्या शिवारात गेली हळदीला. दुपारचं येणं व्हईना आता." बाजूला सरकल्या.

तेव्हापासून मंगळवारी मी येते. तुला काकूंनी सांगितलं असणार. पुढच्या मंगळवारी पावडरचा डबा आणि धुतलेलं फडकं उशाशी काढून ठेवलेलं होतं, ते कुणी ठेवलं मी विचारलं नाही. माझे ते तास लाल होतात. होऊ देत. मॅडमचा एकदा मेसेज आला, मी उत्तर दिलं नाही. किती दिवस चालेल हे, सांगता येत नाही.

पण आठवड्यात सात दुपारी असतात, निकिता. मी एक करते. बाकीच्या सहा कशा जातात ते मंगळवारी मामांच्या पाठीवर दिसतं. काल जखमेची कड काळी वाटली. त्यांना परभणीला दवाखान्यात दाखवायला हवं. जीप मी सांगून ठेवलीय, सोमवारची, सकाळी आठ. तुझी मजुरी बुडेल हे माहीत आहे. तू माझ्याशी बोलू नको, पुढच्या सीटवर बस. पण ये. मला एकटीला त्यांना आत चढवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. सांगावी की नको, कालपासून ठरेना.

काल वळवून झालं, पुसून झालं. काकू बाहेर शेळीला पाला घालत होत्या. मी मामांच्या तोंडाशी घास नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर आता अधू झालीय, तुला माहीतच आहे. जीभ वळत नाही, तरी लय जोर लावून बोलले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

"निकिता?"

नाही म्हणायला हवं होतं. मी महेश्वरी, असं म्हणायला हवं होतं.

त्यांचा हात पांघरुणाखालून माझा हात शोधत होता.

मी म्हणाले, "ओ, मामा."

मग ते जेवले.

महेश्वरी